डोंगरी गवताचे वाळवण सकस कसे करावे: कापणीच्या तारखेपासून गव्हाणीपर्यंत

कोकणात आणि घाटमाथ्यावर गवत कापण्याची वेळ गवत पाहून ठरत नाही, भात पाहून ठरते. आधी भातकापणी, झोडणी, पेंढा रचणे, आणि त्यातून मजूर मोकळे झाले की मग वरकस जमिनीवरचे व डोंगरउतारावरचे गवत, असा क्रम बहुतेक गावांत आहे. त्यामुळे विळा गवतापर्यंत पोहोचतो तेव्हा कार्तिक उलटून गेलेला असतो, बी झडलेले असते आणि पात्यांतला हिरवेपणा संपून काडी सोनेरी झालेली असते. असे गवत वजनाला भरपूर भरते, गंजीही उंच होते. पण तेच खाणाऱ्या गाई माघापासून हाडांवर येऊ लागतात, बैलांची कांती जाते आणि पशुपालक पेंडेच्या भावाला दोष देत राहतो. देशावरच्या माळरानांवर कारणे थोडी वेगळी असली तरी परिणाम तोच आहे. तिथे कुसळीची कुसळे गळून पडण्याची वाट पाहण्यात कापणी लांबते.

वाळलेल्या गवताची प्रत सुधारण्याचे उपाय पुष्कळ सांगितले जातात आणि त्यांत युरियाची प्रक्रिया, म्हणजे वाळलेल्या गवतात युरियाचे पाणी मुरवणे, सर्वांत आधी सांगितली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. गवताच्या पोषणमूल्यातला सर्वांत मोठा फरक कापणीच्या तारखेने पडतो, त्यानंतरचा वाळवण्याच्या पद्धतीने; युरिया, पेंड, झाडपाला हे सगळे उपाय त्या दोन ठिकाणी जे हातचे गेले त्याची भरपाई करणारे आहेत. म्हणून या लेखातही शेताकडून गव्हाणीकडे याच क्रमाने जायचे आहे.

गवतातून नेमके काय जाते

मारवेल, शेडा, पवना, डोंगरी, कुसळी, अंजन ही आपल्याकडची प्रमुख गवते उष्ण कटिबंधातली आहेत. ती झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने राठ होतात. पावसाळ्याच्या मध्यावर, पालेदार अवस्थेत, त्यांच्या शुष्क भागात, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या वजनात, साधारण ८ ते १० टक्के प्रथिने असतात. फुलोऱ्याच्या सुरुवातीला हे प्रमाण ६ ते ७ टक्क्यांवर येते आणि बी झडल्यानंतर २ ते ३ टक्क्यांपर्यंत घसरते. त्याच वेळी काडीत लिग्निन, म्हणजे तिला लाकडासारखा राठपणा देणारे द्रव्य, साठत जाते. लिग्निन स्वतः पचत नाही, आणि ज्या तंतूंना ते चिकटते त्यांनाही पचू देत नाही. म्हणजे प्रथिने कमी होतात आणि ऊर्जाही अडकून पडते, असा दुहेरी तोटा होतो.

गाईम्हशींच्या कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव तंतू पचवतात, आणि त्या सूक्ष्मजीवांना वाढण्यासाठी लागणारा नत्र चाऱ्यातल्या प्रथिनांतून मिळतो. एकूण आहारातील प्रथिनांचे प्रमाण साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेले की त्यांची संख्या घटते, तंतू पचायला जास्त वेळ लागतो, कोटीपोट लवकर रिकामे होत नाही आणि जनावर कमी खाऊ लागते. पिकलेले गवत पुढ्यात भरपूर असूनही जनावर वाळते ते यामुळे. त्याचे पोट भरलेले दिसते, प्रत्यक्षात ते तुंबलेले असते. हा ७ टक्क्यांचा उंबरठा लक्षात ठेवावा. पुढचे सगळे हिशेब त्याभोवतीच फिरतात.

कापणी दोन वेळा करावी

गवत फुलोऱ्याच्या सुरुवातीला, म्हणजे निम्म्याच्या आसपास ताटे निसवलेली असताना कापावे, हे तत्त्वतः सर्वांना मान्य असते. या वेळी उत्पादन आणि प्रत यांचा मेळ उत्तम बसतो. अडचण अशी की एकदाही न कापलेले गवत या अवस्थेत सप्टेंबरमध्ये येते आणि त्या वेळी पावसाचा भरवसा नसतो. राज्यातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. सप्टेंबरात कापलेले गवत शेतातच भिजून काळे पडण्याची भीती खरी आहे, आणि शेतकरी उशीर करतो त्यामागे आळस नसून हा अनुभव आहे.

यावर सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे दोन कापण्या. पहिली कापणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी. जमीन उथळ व मुरमाड असेल आणि सप्टेंबरनंतर ओल टिकत नसेल तर ती जुलैअखेरीस घ्यावी. जमिनीपासून चार बोटे खोड राखून कापावे, कारण नवा फुटवा त्या खोडावरच्या डोळ्यांतून येतो. अगदी मातीलगत कापल्यास फुटवा उशिरा व विरळ येतो. त्या दिवसांत वाळवण शक्य नसल्याने हे गवत हिरवेच घालावे किंवा त्याचा मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) करावा. उष्ण कटिबंधातील गवतांत साखर कमी असते, त्यामुळे मुरघासासाठी ते अर्धा दिवस सुकवून, कुट्टी करून, १०० किलोला २ ते ३ किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडणे आवश्यक आहे. नाहीतर आंबण्याऐवजी ते कुजते.

या कापणीचा खरा फायदा ऑक्टोबरात दिसतो. आपल्याकडची अनेक गवते दिवस लहान होऊ लागले की निसवतात, त्यांची उंची कितीही असो. ऑगस्टात कापलेले गवत पुन्हा फुटून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुलोऱ्यावर येते तेव्हा त्याची काडी आखूड आणि बारीक असते, पात्यांचे प्रमाण जास्त असते आणि वाळवायला ऊन मिळते. कुसळीच्या रानात तर हा उपाय जवळपास अनिवार्य समजावा. कुसळे टणक होण्यापूर्वी कापलेली कुसळी जनावरे आवडीने खातात. कुसळे टणक झाल्यावर तीच जिभेत, हिरड्यांत आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुतते.

मजुरांचा प्रश्न राहतोच, कारण ऑक्टोबरात हळवे भात कापणीला आलेले असते. सगळे रान एकदम कापण्याचा हट्ट धरू नये. कुटुंबातील गाभण व दुभत्या जनावरांना चार-पाच महिने पुरेल एवढे गवत वेळेवर कापावे आणि उरलेले नेहमीप्रमाणे भातानंतर कापावे. पाठीवर अडकवून चालवायचे गवत कापणी यंत्र, म्हणजे ब्रश कटर, आता गावोगाव भाड्याने मिळते. उतारावर विळ्याच्या मानाने त्याने काम बरेच लवकर उरकते. मात्र त्याच्या नायलॉन दोरीपेक्षा पाते वापरावे, कारण दोरीने गवताचे तुकडे उडतात आणि गोळा करताना निम्मी पाने रानातच राहतात.

एक खबरदारी घ्यावी. नैसर्गिक कुरणात दरवर्षी बी धरण्यापूर्वीच सगळे गवत कापले तर बियांवर जगणाऱ्या जाती हळूहळू नाहीशा होतात. रानाचे चार पट्टे पाडून दरवर्षी एक पट्टा बी झडेपर्यंत राखावा आणि पुढच्या वर्षी दुसरा.

रानातच प्रथिने वाढवणे

पहिल्या कापणीनंतर आठवडाभरात, पाऊस उघडीप देत असताना आणि जमिनीत ओल असताना, हेक्टरी ४५ किलोची युरियाची एक गोणी रानात सारखी फोकावी. त्यातून सुमारे २० किलो नत्र मिळते. उथळ डोंगरी जमिनीला यापेक्षा जास्त देऊन फारसा उपयोग नाही, कारण मुसळधार पावसात ते वाहून जाते. खोल काळ्या जमिनीवर लावलेल्या मारवेलला मात्र याच्या दुप्पट मात्रा दोन हप्त्यांत देता येते. नत्राने वजनही वाढते आणि पानांतली प्रथिनेही. ही प्रथिने खरीखुरी वनस्पतीतली असतात, आणि वाळलेल्या गवतात युरिया मुरवून मिळणाऱ्या नत्रापेक्षा दुभत्या जनावराला अधिक उपयोगी पडतात.

दुसरा आणि दीर्घकाळ टिकणारा उपाय म्हणजे गवतात द्विदल चारा मिसळणे. आपल्या हवामानाला स्टायलो उत्तम मानवतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले क्रांती’ हा वाण अवर्षणप्रवण भागासाठी प्रसिद्ध आहे. स्टायलोच्या वाळलेल्या चाऱ्यात १२ ते १५ टक्के प्रथिने असतात, शिवाय मुळांवरच्या गाठींमुळे शेजारच्या गवतालाही थोडे नत्र मिळते. बियांचे कवच फार कठीण असते. म्हणून ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात, म्हणजे उकळी येण्यापूर्वीच्या कढत पाण्यात, बी ३ ते ४ मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्याने धुवावे आणि सावलीत सुकवावे. मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर रानात दीड-दोन हातांच्या अंतराने उथळ रेघा ओढून हेक्टरी ४ ते ५ किलो बी वाळूत मिसळून पेरावे आणि वर माती जेमतेम भुरभुरावी. खोल पडलेले बी उगवत नाही. द्विदलांना स्फुरद लागते, तेव्हा पेरताना एकेरी सुपर फॉस्फेट द्यावे. पहिल्या वर्षी स्टायलो खुरटा दिसतो आणि बहुतेक जण याच वेळी निराश होतात. त्या वर्षी रानात चराई बंद ठेवली आणि गवताची ऑगस्टमधली कापणी चुकवली नाही, तर सावली हटल्याने तो जोर धरतो आणि दुसऱ्या वर्षापासून वाळवणात त्याचा हिस्सा स्पष्ट दिसू लागतो.

वाळवण

कापताना गवतात ७० ते ७५ टक्के पाणी असते आणि रचण्यापूर्वी ते १५ टक्क्यांच्या आसपास यावे लागते. हे जितक्या लवकर होईल तितके बरे, कारण कापलेली पाने पूर्ण वाळेपर्यंत श्वसन करत राहतात आणि त्यात साखर जळते. दुसरीकडे, वाळल्यानंतरही गवत उन्हात पडून राहिले तर त्यातले कॅरोटीन, ज्यापासून जनावराच्या शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते, उडून जाते. हिरवा रंग हे त्याचे डोळ्यांना दिसणारे माप आहे. म्हणजे लवकर वाळवावे आणि वाळताच उचलावे, एवढेच सूत्र आहे.

सकाळी दव उडाल्यावर, साधारण नऊ-दहाच्या सुमारास कापणी सुरू करावी. कापलेले गवत जाड ढिगात न टाकता पातळ पसरावे. दुपारी एकदा उलटावे. सूर्य कलताना त्याच्या लांब अरुंद ओळी कराव्यात, म्हणजे रात्रीचे दव फक्त वरच्या थरावर पडते. दुसऱ्या दिवशी दव उडाल्यावर ओळी पुन्हा पसराव्यात. ऑक्टोबरच्या कडक उन्हात बारीक काडीचे गवत दोन ते तीन दिवसांत वाळते. त्यात स्टायलो असेल तर दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी हलवू नये; त्याची पाने कोरडी झाली की झडतात आणि प्रथिने बहुतांशी पानांतच असतात. अशा मिश्र गवताची उलथापालथ सकाळी, पाने किंचित नरम असताना करावी. पावसाची शंका असेल तर तीन बांबूंच्या तिवया करून त्यांवर गवत टांगावे. खालून हवा खेळते आणि एखादी सर आली तरी वरचा थरच भिजतो.

गवत वाळले की नाही हे ओळखायला अनुभवी हात पुरेसा असतो: मूठभर काड्या पिळल्या तर त्या तुटू लागतात आणि पेरावर नख खरवडले तर ओल लागत नाही. शंका असेल तर मिठाची परीक्षा करावी. कोरड्या काचेच्या बरणीत गवताचे बारीक तुकडे निम्म्यापर्यंत भरावेत, त्यात दोन चमचे कोरडे मीठ घालून झाकण लावावे आणि दोन-तीन मिनिटे जोराने हलवावे. मीठ सुटे राहिले तर ओल १५ टक्क्यांच्या आत आहे. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर आणखी एक ऊन द्यावे.

ओले गवत रचण्याचा धोका बुरशीपुरता नसतो. गंजीच्या पोटात उष्णता साठते, गवत तपकिरी होते, त्याला भाजल्यासारखा गोडसर वास येतो आणि जनावरे ते चवीने खातातही. पण त्या उष्णतेत प्रथिने साखरेशी अशी बांधली जातात की ती शेणावाटे तशीच बाहेर पडतात. त्याहून जास्त तापल्यास गंजी आपोआप पेटते. रचल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे लोखंडी सळई गंजीच्या मध्यापर्यंत खुपसून पंधरा मिनिटांनी काढून पाहावी. हात धरवत नसेल तर गंजी उपसणे भाग आहे. मात्र ती फार तापली असेल तर आत हवा शिरताच भडका उडू शकतो, म्हणून पाण्याची सोय जवळ ठेवूनच उपसावी.

गंजी दगडांच्या किंवा लाकडी ओंडक्यांच्या हातभर उंच बैठकीवर रचावी, माथा निमुळता ठेवून शाकारावा. शक्य तिथे वेळेवर कापलेले आणि उशिरा कापलेले गवत वेगवेगळ्या गंज्यांत ठेवावे. ही एवढी साधी गोष्ट फार थोडे लोक करतात, आणि मग भाकड बैल हिरवे पालेदार गवत खातो व त्याच आठवड्यात व्यालेल्या म्हशीच्या पुढ्यात काड्या येतात. वर्षभराहून जुन्या गवतात कॅरोटीन उरत नाही, म्हणून जुनी गंजी आधी संपवावी.

पिकलेल्या गवतावर युरियाची प्रक्रिया

आता उशिरा कापलेल्या, पिवळ्या, काडीदार गवताकडे वळू. भाताच्या पेंढ्यालाही हीच कृती लागू पडते. हिरव्या, पालेदार, चांगल्या प्रतीच्या वाळवणावर ती कधीही करू नये. त्यात गरजच नसते, आणि अशा चाऱ्यातली शिल्लक साखर व अमोनिया यांच्या संयोगातून जनावरांना बेफाम करणारी विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात.

प्रक्रियेचे तत्त्व असे आहे. ओलसर गवतात युरिया मुरवून हवाबंद ठेवला की त्याचे अमोनियात रूपांतर होते. हा अमोनिया लिग्निन व तंतू यांच्यातले बंध सैल करतो, त्यामुळे पचनीयता साधारण ८ ते १० टक्क्यांनी वाढते, आणि काही नत्र गवतात टिकून राहते. ३ टक्के प्रथिनांचे गवत प्रथिनांच्या हिशेबाने ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जाते.

प्रमाण १०० किलो वाळलेल्या गवताला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी. चार मोठ्या जनावरांच्या घराचा हिशेब करू. प्रत्येकी रोज ६ किलोप्रमाणे २४ किलो, म्हणजे सुमारे ५०० किलो गवत तीन आठवडे पुरते. आणि प्रक्रियेलाही तीन आठवडेच लागतात. म्हणून ५०० किलोचे दोन कप्पे (किंवा खड्डे) करावेत, एकातले गवत खायला काढावे तोवर दुसऱ्यातले मुरत राहते. एका कप्प्याला २० किलो युरिया व २५० लिटर पाणी लागेल. कुट्टी करून नीट तुडवलेले गवत एका घनमीटरात ८० ते १०० किलो मावते, तेव्हा २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २ मीटर उंच कप्पा पुरेल. तीन बाजूंनी भिंत असलेला जुन्या गोठ्याचा कोपराही चालतो.

तळाशी जाड प्लॅस्टिक अंथरावे. ५० किलो गवताचा थर पसरून त्यावर २ किलो युरिया २५ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून झारीने किंवा फवारणी पंपाने सारखे शिंपडावे. प्रत्येक थरासाठी द्रावण वेगळे मोजून करावे. एकाच पिंपात सगळे द्रावण करून अंदाजाने ओतले की वरच्या थरांना कमी आणि खालच्यांना जास्त मिळते, आणि विषबाधेच्या घटना बहुधा अशाच असमान खड्ड्यांतून होतात. शिंपडताना गवत उलथत राहावे, मग पायांनी घट्ट तुडवावे आणि पुढचा थर द्यावा. गवत फारच पक्व असेल तर त्यात युरियाचे विघटन करणारा घटक कमी असतो; तिथे कच्च्या सोयाबीनचे पीठ १०० किलोला एक किलोच्या प्रमाणात भुरभुरल्यास काम लवकर होते. शेवटी माथा फुगीर करून प्लॅस्टिकने झाकावे, कडा ओल्या मातीने लिंपून वर वजन ठेवावे. बाहेर अमोनियाचा वास येत असेल तर कुठेतरी फट आहे, ती बुजवावी.

एकवीस दिवसांनी कप्पा एका बाजूने उघडावा, उघडताना वारा ज्या बाजूने येतो तिकडे पाठ करून उभे राहावे. गवत गडद पिवळे ते तपकिरी, हाताला मऊ आणि नाकाला झोंबणारे असेल तर प्रक्रिया उतरली. वास अजिबात नसेल तर युरिया फुटलेला नाही किंवा वायू निसटला आहे. असे गवत तसेच घालणे धोक्याचे आहे, कारण युरिया आत शिल्लक असू शकतो. पांढरी किंवा काळी बुरशी आलेला भाग काढून खतात टाकावा. रोज लागेल तेवढे गवत आदल्या संध्याकाळी काढून मोकळ्या हवेत पसरावे आणि सकाळी घालावे.

जनावरे पहिले दोन-तीन दिवस तोंड फिरवतात. साध्या गवतात एक-दीड किलो मिसळून सुरुवात करावी आणि दहा ते पंधरा दिवसांत पूर्ण प्रमाणावर यावे. सहा महिन्यांखालील वासरांना, रिकाम्या पोटाच्या किंवा आजारी जनावरांना आणि घोड्या-गाढवांना हे गवत देऊ नये. सोबत कच्चे सोयाबीनही देऊ नये. जो घटक खड्ड्यात मदत करतो तोच पोटात अमोनिया वेगाने सोडवतो.

युरियाची गोणी, द्रावणाच्या बादल्या आणि धुतलेल्या पिंपाचे पाणी जनावरांच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवावे. तहानलेली गाय युरियाचे पाणी गटागटा पिते आणि तासाभरात कोसळू शकते. तोंडाला फेस, अंग थरथरणे, पोट फुगणे, धाप लागणे, तोल जाणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे आणि तो येईपर्यंत, जनावराला गिळता येत असेल तरच, २ ते ४ लिटर व्हिनेगर तेवढ्याच थंड पाण्यात मिसळून नळीने किंवा बाटलीने सावकाश पाजावे. आम्लामुळे अमोनिया रक्तात शोषला जाण्याचे प्रमाण घटते. हा खड्डा करणाऱ्या घरात व्हिनेगरच्या बाटल्या आधीच आणून ठेवलेल्या असाव्यात.

युरिया नको असेल तर

कोणाला जोखीम नको असते, कोणाकडे जनावरे एक-दोनच असतात. त्यांनी तेवढेच नत्र पेंडेतून किंवा झाडपाल्यातून द्यावे. ३०० किलोची गाय ३ टक्क्यांचे ६ किलो गवत खाते तेव्हा तिला १८० ग्रॅम प्रथिने मिळतात. ७ टक्क्यांच्या हिशेबाने ४२० ग्रॅम हवीत, म्हणून तूट २४० ग्रॅमची आहे असे वाटते. पण जे पूरक खाद्य आपण घालतो त्याचेही वजन आहारात धरायचे असल्याने प्रत्यक्षात थोडे जास्त लागते. शेंगदाणा पेंड पाऊण किलो, सालीसकट सरकीची पेंड दीड किलो किंवा सुबाभळीचा वाळलेला पाला २ किलो, यांपैकी काहीही एक दिले की आहार उंबरठ्यापाशी येतो. सुबाभळीत मायमोसिन हे विषारी द्रव्य असते, म्हणून तिचे प्रमाण एकूण आहाराच्या ३० टक्क्यांपुढे नेऊ नये. गाभण जनावरांना त्याहूनही कमी द्यावे. गिरीपुष्पाच्या पाल्यातही २० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात आणि बांधावर तो फुकट मिळतो. वासामुळे जनावरे आधी खात नाहीत. पाला अर्धा दिवस सुकवून मीठ शिंपडून दिला की आठवडाभरात सवय होते. स्वस्तात स्वस्त आणि बिनधोक मार्ग हवा असेल तर माझा कौल बांधावरच्या झाडांना आहे, अट एवढीच की ती आज लावली पाहिजेत.

गवतावर मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा दाट काळा पाक, शिंपडण्याचा सल्लाही दिला जातो. मळीने चव येते, धूळ बसते आणि सूक्ष्मजीवांना झटपट ऊर्जा मिळते. पण तिच्यात प्रथिने नगण्य असतात, तेव्हा तिला नत्राच्या जोडीनेच अर्थ आहे. साखर कारखान्याच्या मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असल्याने ती सुटी विकत मिळणेही सोपे नाही. हलक्या प्रतीचा गूळ पाण्यात कालवून वापरणे बहुतेकांना सोयीचे पडते.

गव्हाणीत

कुट्टीबद्दल एक गैरसमज आहे. कडबा कुट्टी यंत्रातून काढल्याने गवताचे पोषण वाढत नाही. उष्टे कमी पडते एवढेच. पिकलेल्या गवतात काड्या जास्त असताना बारीक कुट्टी केली तर जनावराला पाने निवडून खाता येत नाहीत आणि काड्याही पोटात जातात. गवत मुबलक असेल तर ते अख्खे घालावे, गरजेपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त टाकावे आणि उरलेल्या काड्या भाकड जनावरांना किंवा गोठ्यात अंथरायला वापराव्यात. गवत कमी असेल, किंवा युरियाची प्रक्रिया करायची असेल, तर दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करावी.

वाळलेल्या गवतात स्फुरद फार कमी असते. जनावरे हाडे, चपला, चिंध्या चघळू लागली की ती ही कमतरता दाखवत असतात. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ द्यावे. युरियाप्रक्रियेच्या गवतासोबत गंधकयुक्त खनिज मिश्रण निवडावे, कारण नत्रापासून प्रथिने बनवताना सूक्ष्मजीवांना गंधकही लागते. स्वच्छ पाणी दिवसभर समोर असावे. कोरडा चारा खाणारे जनावर पाणी कमी प्यायले की खाणेही कमी करते. रोज तीन ते पाच किलो हिरवा चारा मिळाला तर अ जीवनसत्त्वाची गरज भागते. उन्हाळ्यात तो सर्वांना पुरवता येत नसेल तर आधी शेवटच्या दोन महिन्यांतल्या गाभण जनावरांना द्यावा, नाहीतर वासरे अशक्त जन्मतात.

इथवरच्या उपायांनी जनावर आपले वजन राखते आणि थोडेसे दूध देते. त्यापुढच्या दुधासाठी वेगळा खुराक लागतो: गाईला साधारण अडीच लिटर आणि म्हशीला दोन लिटर दुधामागे एक किलो. चांगल्या गवताचा लाभ असा की शरीर राखण्यासाठीचा खुराक वाचतो आणि विकत आणलेली पेंड दुधासाठी खर्ची पडते.

फरक पडतो आहे की नाही हे पाहायला दोन खुणा पुरेशा आहेत. गव्हाणीतले उष्टे आठवडाभर रोज तोलावे. खाणे वाढले तर ते घटत जाते. आणि शेण पाहावे: कडक, घड्या पडलेले, लांब काड्या दिसणारे शेण अपुऱ्या नत्राचे लक्षण आहे, आणि उपाय लागू पडल्यावर दोन-तीन आठवड्यांत ते मऊ व एकजीव होते. प्रयोगशाळेत तपासणी करायची असेल तर गंजीच्या दहा-बारा वेगवेगळ्या ठिकाणांहून, आतल्या भागातून, गवत काढून एकत्र करावे आणि त्यातला अर्धा किलो नमुना पाठवावा. युरियाप्रक्रिया केलेल्या गवताचा अहवाल वाचताना मात्र हे ध्यानात ठेवावे की प्रयोगशाळा एकूण नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणते आणि तो आकडा प्रथिने म्हणून देते. त्यातले बरेचसे नत्र अमोनियाच्या रूपातले असते, त्यामुळे अहवालातले ८ टक्के आणि वेळेवर कापलेल्या मारवेलचे ८ टक्के हे दुभत्या गाईसाठी सारखे धरू नयेत.